स्वमग्न मुलांची शाळा कोणती?

जून महिन्याच्या मध्यास राज्यातील शाळा उघडतात, तेव्हा सहा वर्षांचे मूल शाळेत घालणे ही बहुतेक घरांत आनंदाची गोष्ट असते. नवे दप्तर, नवा गणवेश आणि पहिल्या दिवशीचे रडणे, एवढ्यावर तो सोहळा आटोपतो. परंतु प्रत्येक गावात आणि प्रत्येक वसाहतीत अशी काही घरे असतात, की ज्यांना या महिन्याची धास्ती वाटते. त्या घरातील मूल दिसायला धडधाकट असते. धावते, पळते, चढते. पण हाक मारली तर वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणते, पंख्याच्या पात्यांकडे तासन् तास बघत राहते आणि रोजच्या वाटेऐवजी दुसऱ्या वाटेने नेले तर आकांत मांडते. अशा मुलास मराठीत ‘स्वमग्न’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द फारसा नेमका नाही. हे मूल स्वतःतच रमलेले असते असे नव्हे. बाहेरून येणारे आवाज, उजेड, स्पर्श आणि माणसांचे हावभाव यांचा अर्थ लावण्याची त्याच्या मेंदूची रीतच निराळी असते. पण शब्द रुळला आहे आणि त्याला पर्याय सुचेपर्यंत तोच वापरणे भाग आहे.

या मुलाने शाळेत जावे की न जावे, हा वाद कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग बालकांचा त्यात स्पष्ट उल्लेख झाला. तत्पूर्वीचा १९९५ चा अपंगांविषयीचा कायदा सातच प्रकारचे अपंगत्व ओळखत होता आणि त्या सातांत स्वमग्नता नव्हती. म्हणजे असे मूल आंधळे नाही, बहिरे नाही, पांगळे नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते कोणीच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात त्याचे नाव प्रथम आले; पण तो कायदा मुख्यतः पालकत्वाचा आणि सांभाळाचा होता. अखेर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले आणि स्वमग्नतेस त्यांत स्वतंत्र स्थान दिले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, असे हा अधिनियम सांगतो. ‘पसंतीच्या’ हा त्यातील शब्द मोठा देखणा आहे. पसंती करावयास निदान दोन गोष्टी समोर असाव्या लागतात, एवढीच काय ती अडचण.

मुंबई-पुण्याकडे ही अडचण तितकी तीव्र नाही. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी चालू आहे आणि पुण्यात ‘कामायनी’ १९६४ पासून. तेथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, वाचोपचार करणारे आहेत, पालकांचे संघ आहेत. परंतु या प्रश्नाची खरी कसोटी महानगरांत लागत नाही. ती भुसावळ तालुक्यातील वरणगावसारख्या गावी लागते. वरणगाव हे काही आडरानातले खेडे नव्हे. राष्ट्रीय महामार्ग जवळून जातो, भुसावळसारखे मोठे जंक्शन हाकेच्या अंतरावर आहे, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र शेजारी आहे आणि १९६४ पासून उभ्या असलेल्या आयुध निर्माणीमुळे नाना प्रांतांतील कामगार, कारकून आणि तंत्रज्ञ येथे येऊन राहिले आहेत. एका बाजूस केळीच्या बागांतून रोजंदारी करणारी कुटुंबे आणि दुसऱ्या बाजूस सरकारी वसाहतीतील पगारदार कुटुंबे, असा हा परिसर आहे. जी सोय येथे होऊ शकत नाही, ती सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या रावेर-यावलच्या आदिवासी पाड्यांवर होईल अशी अपेक्षा करणे फोल आहे.

स्वमग्नता ही नव्या काळाची, मोबाइल-दूरदर्शनने आणलेली व्याधी आहे, असे अनेक सुशिक्षितांनाही वाटते. वस्तुतः लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने तिचे पहिले नेमके वर्णन १९४३ सालीच अमेरिकेत केले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्परगर यांनी तसेच निरीक्षण नोंदविले. दुर्दैव असे, की त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे या मुलांच्या स्थितीचे खापर त्यांच्या आयांच्या माथी फोडले गेले. आई मायेने थंड, म्हणून मूल असे झाले, असे भल्याभल्या विद्वानांनी लिहिले. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे पिता होते. त्यांनी १९६४ साली, म्हणजे वरणगावची निर्माणी उभी राहिली त्याच साली, पुस्तक लिहून हा समज खोडून काढला आणि स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे असे मांडले. पुढील संशोधन त्याच दिशेने गेले. शास्त्राने साठ वर्षांपूर्वी टाकून दिलेला तो आरोप आपल्याकडे मात्र अजून ओट्या-ओट्यावर नांदतो. ‘आई नोकरीला गेली म्हणून’, ‘लाडाने बिघडले म्हणून’, ‘पोटुशी असताना ग्रहण पाहिले म्हणून’ ही त्याचीच देशी रूपे. गोवराच्या लशीने मूल स्वमग्न होते हा विलायती समजही असाच. ज्या १९९८ च्या लेखाने तो पसरविला, तो लेख खुद्द छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला.

असा समज निरुपद्रवी नसतो. जी आई दोषी ठरते, ती मुलाला घेऊन दवाखान्यात जाण्याऐवजी मुलाला लपविते. आणि जो बाप बरे होण्याची आशा सोडत नाही, तो हाती येईल तो उपाय विकत घेतो. मूळपेशींच्या उपचाराने स्वमग्नता बरी होते अशा जाहिराती मोठ्या शहरांतून होत आल्या आहेत आणि त्यांपायी शेत गहाण टाकण्यापर्यंत माणसे जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ सालीच या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. स्वमग्नता बरी करण्याचे औषध आज उपलब्ध नाही. जे हाती आहे ते शिक्षण. म्हणून शिक्षण हा येथे वैद्यकाच्या मागून येणारा विषय नाही. या मुलांपुरते तेच पहिले आणि मुख्य औषध आहे.

आणि ते जितके लवकर मिळेल तितके गुणकारी. दोन-तीन वर्षांच्या वयात लक्षणे ओळखता येतात. प्रत्यक्षात पालकांना शब्द ऐकू येतो तो मूल शाळेत जाऊन ‘जमत नाही’ म्हणून परत आल्यावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्यातील फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्या आणि शाळांतील मुले तपासतात आणि संशयित मुलास जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे अशी त्याची रचना आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धतीही जाहीर केली. योजनेत दोष काढावा असे फार थोडे आहे. पण अंगणवाडी सेविकेने नोंदवहीत खूण केल्यापासून चाळीस किलोमीटरवरील जळगावच्या केंद्रात मूल नियमाने जाऊ लागेपर्यंतचा जो पल्ला आहे, तो आईने रोजगार बुडवून, दोन बसगाड्या बदलून आणि गर्दीच्या गोंगाटाने बिथरलेल्या मुलास कडेवर घेऊन पार करावयाचा असतो. आठवड्यातून दोनदा असा पल्ला गाठणारी आई महिन्यानंतर येईनाशी झाली, तर तिला ‘उदासीन पालक’ म्हणणे सोपे आहे.

त्यानंतर येते प्रमाणपत्र. स्वमग्नता मोजण्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली भारतीय मापनश्रेणी तयार केली. तिच्या चाळीस बाबींवर मुलास गुण दिले जातात आणि त्या गुणांवरून टक्केवारी ठरते. येथे गुण जितके अधिक, तितके मूल अधिक अडचणीत. आयुष्यभर मुलांचे गुण वाढावे म्हणून धडपडणाऱ्या आपल्या समाजाला हा उलटा हिशेब समजणे कठीणच. जे मूल चाळीस टक्क्यांच्या आत राहते, बोलते, वाचते, पण वर्गात टिकत नाही, त्याच्या वाट्याला कागदही येत नाही आणि मदतही नाही. शिक्षकाच्या लेखी ते ‘आगाऊ’ असते आणि वर्गमित्रांच्या लेखी ‘येडे’.

पर्याय आणि त्यांचे मोल

प्रमाणपत्र मिळाले असे समजू. पुढे कोणते मार्ग आहेत? पहिला विशेष शाळेचा. या मार्गाचे ऋण मान्य केले पाहिजे, कारण सरकार जागे होण्याच्या कितीतरी आधी खासगी माणसांनी तो पाडला. नाशिकला रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने १९७७ साली ‘प्रबोधिनी’ उभी केली; मुलांच्या शाळेतून ती मोठ्यांच्या कार्यशाळेपर्यंत वाढली आणि उत्तर महाराष्ट्रातील कित्येक घरांना तिचा आधार झाला. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली केवळ स्वमग्नतेसाठी संस्था काढली, तीही एका आईच्या निकडीतून. विशेष शाळा म्हणजे मुलांना वेगळे काढणे, म्हणून ती त्याज्य, असे जे अलीकडे परिषदांतून बोलले जाते, ते या संस्थांच्या वर्गात दोन दिवस बसून आल्यावर फारसे बोलवत नाही. ज्या मुलास बोलता येत नाही, शौचाची जाणीव नाही, जे स्वतःस इजा करून घेते, त्यास चाळीस मुलांच्या वर्गात बसविणे हा समावेश नव्हे. ती उपेक्षाच होय, फक्त नाव बदललेली.

मात्र विशेष शाळा ही निवासी असेल, तर निराळा विचार करावा लागेल. ज्या मुलाचे सारे स्वास्थ्य ओळखीच्या खोलीवर, ओळखीच्या ताटावर आणि ओळखीच्या माणसावर अवलंबून असते, त्याला सातव्या वर्षी शे-दोनशे किलोमीटरवरील वसतिगृहात ठेवणे हा पर्याय अगदीच इलाज नसलेल्यांसाठी असावा. तोच आज अनेक गरीब घरांना एकमेव ठरतो, कारण रोज जा-ये करण्याजोगी शाळा जवळ नसते आणि असली तरी वाहन नसते.

दुसरा मार्ग शेजारच्या साध्या शाळेचा. एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना देशात १९७४ पासून आहे; नंतर सर्व शिक्षा अभियान आले आणि २०१८ पासून समग्र शिक्षा. नावे बदलली तरी मधला दुवा तोच राहिला, तो म्हणजे गटसाधन केंद्रातून शाळाशाळांना भेटी देणारा कंत्राटी विशेष शिक्षक. या माणसांनी वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर, दरवर्षी नेमणूक पुढे चालेल की नाही या चिंतेत काम केले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात रजनीशकुमार पांडे यांच्या प्रकरणात या अवस्थेवर बोट ठेवले. स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक हा विशेष शाळांसाठीचा दंडक त्या निकालात आला. साध्या शाळांसाठी केंद्र सरकारने पुढील वर्षी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक व त्यावरील स्तरावर पंधरा मुलांमागे एक असे प्रमाण ठरविले. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली केंद्रस्तरावर ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, तो या रेट्याचा परिणाम. निर्णय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

परंतु पद म्हणजे शिक्षण नव्हे, हे शिक्षकवर्गास सांगावयास नको. एका केंद्रात साधारणपणे दहाच्या आगेमागे शाळा असतात. एक विशेष शिक्षक आठवड्याचे सहा दिवस फिरला, त्यातील एक दिवस माहिती भरण्यात आणि एक बैठकीत गेला असे धरले, तर एका शाळेच्या वाट्यास तो पंधरवड्यातून एकदा येतो. स्वमग्न मुलास पंधरा दिवसांपूर्वी आलेला माणूस परकाच वाटणार. तो येऊन मुलास शिकवील ही कल्पना सोडून द्यावी. त्याने येऊन वर्गशिक्षकास शिकवावे, त्याच्या वर्गात बसावे, त्याच्या अडचणी सोडवाव्या, आणि मुलाचे रोजचे शिक्षण वर्गशिक्षकाने करावे, एवढीच गोष्ट व्यवहारात साधण्याजोगी आहे. म्हणून या साऱ्या व्यवस्थेचा कणा शेवटी पहिलीच्या वर्गावरील साधा शिक्षक हाच आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रमात समावेशक शिक्षणाचा विषय आहे खरा. पण त्यात व्याख्या आणि कलमे पाठ होतात, मूल दिसत नाही. पदवीआधी पंधरा दिवस विशेष शाळेत काढण्याची सक्ती केली, तर दहा प्रशिक्षणवर्गांचे काम त्यात होईल.

वर्गातले काम

वर्गशिक्षकाने करावयाच्या गोष्टी तरी काय आहेत? त्यांस ना मोठी इमारत लागते ना यंत्रे. मुलाची बसण्याची जागा ठरलेली असावी आणि ती दारा-खिडकीपासून दूर असावी. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, म्हणजे प्रार्थनेनंतर गणित आणि गणितानंतर जेवण हे त्यास पाहता येईल. कारण ऐकलेले विरून जाते, पाहिलेले टिकते. घंटा होण्यापूर्वी त्यास खुणेने कळवावे. परिपाठाच्या ध्वनिक्षेपकाने ते कानांवर हात ठेवीत असेल तर ठेवू द्यावे, ती उद्धटाई नव्हे. शालेय पोषण आहारातील खिचडी ते खात नसेल, तर त्यामागे हट्टापेक्षा जिभेला न सोसणारा स्पर्श असण्याचा संभव अधिक. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती सरळ शब्दांत द्यावी. आपली मराठी वाक्प्रचारांनी नटलेली आहे आणि शिक्षकांच्या तोंडी तर ते सहज येतात. पण ‘कान उघडे ठेव’ म्हटल्यावर हे मूल कान चाचपून पाहील आणि ‘डोक्यावर बसू नकोस’ म्हटल्यावर गोंधळून जाईल. वर्ग हसेल, मूल मात्र त्या दिवसापुरते मिटून जाईल.

भाषेचा आणखी एक पेच खानदेशात विशेष आहे. भुसावळ-यावल पट्ट्यात घराघरांतून लेवा गणबोली बोलली जाते, पश्चिमेकडे जळगाव-धुळ्यात अहिराणी. वसाहतीत शेजारी हिंदी, शाळेत प्रमाण मराठी, आणि पालकांच्या मनात इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटल्यावर पहिला सल्ला मिळतो तो घरची बोली बंद करण्याचा. एकच भाषा बोला आणि ती शक्यतो इंग्रजी, असे सुशिक्षित सल्लागारही सांगतात. दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाची भाषा मागे पडते असे संशोधनात आढळलेले नाही. उलट आईने आपली बोली सोडून अडखळत परक्या भाषेत बोलावयाचे ठरविले, की ती बोलणेच कमी करते, आणि ज्या मुलास बोलण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच घरात शांतता पसरते. शिकविण्याच्या चित्रांचेही तेच. शहरांतून येणाऱ्या पत्त्यांवर स्ट्रॉबेरी असते आणि बर्फातला माणूस असतो. वरणगावच्या मुलास केळीचा घड, भरताचे वांगे, कळण्याची भाकरी, आगगाडीचे इंजिन यांची चित्रे दिली पाहिजेत. ती काढण्यास चित्रकलेचा एक शिक्षक आणि जुन्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा पुरेसा आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या रचना मुलाने लिहून घेतल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. अक्षर हीच बुद्धीची एकमेव खूण मानण्याचे कारण निदान या जिल्ह्याला तरी नाही.

या मुलांसाठी केलेले सारे म्हणजे इतरांच्या वाट्याचे काढून दिलेले दान, अशी भावना काही शिक्षकांत असते, ती इतिहासाला धरून नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये ‘बालकांचे घर’ उघडले, त्यापूर्वी त्या मंदबुद्धी समजल्या गेलेल्या मुलांना शिकवीत होत्या. त्यांची साधने इतार्द आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या, अशाच मुलांसाठी केलेल्या प्रयोगांतून आली होती. तीच पद्धती गिजुभाई बधेकांच्या भावनगरातून ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रात आणली, १९४५ साली बोर्डीला रुजविली आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. आज गावोगावच्या बालवाड्यांत जी मणी-ठोकळ्यांची साधने दिसतात, त्यांची आजी अशा मुलांच्याच हाताखालून गेलेली आहे.

तिसरा मार्ग घरी शिक्षणाचा. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांस घरी शिक्षण घेण्याचा हक्क दिला. हा हक्क मुलाचा आहे, शाळेचा नव्हे. पण जेथे शाळेस मूल नको असते, तेथे ‘गृहाधारित’ हा शिक्का फार सोयीचा ठरतो. नाव पटावर राहते, मूल घरात राहते आणि महिन्या-दोन महिन्यांतून कोणी येऊन सही घेऊन जाते. ज्या मुलाचे मुख्य न्यून माणसांत मिसळण्याचे आहे, त्यास माणसांपासून दूर ठेवून शिकविणे ही विसंगती आहे आणि असा शेरा मारण्यापूर्वी शाळेने निदान एक वर्ष कोणते प्रयत्न केले, ते लेखी मागितले पाहिजे.

चौथा मार्ग मुक्त विद्यालयाचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून आहे आणि राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आता पाचवी, आठवी आणि दहावी या स्तरांवर परीक्षा घेते. थोडे विषय, स्वतःच्या गतीने अभ्यास आणि गर्दीचा वर्ग नाही, यामुळे बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या स्वमग्न मुलांस तो मानवतो. शालान्त परीक्षेतही लेखनिक, वाढीव वेळ, विषयांत सूट अशा सवलती आहेत. त्यांची माहिती दहावीच्या जानेवारीत होते आणि मग धावपळ सुरू होते. नववीच्या आरंभी मुख्याध्यापकांनी एक फलक लावला तरी ती टळेल.

नोकरदार पालकांस काही सवलती आहेत, त्या त्यांनी संकोच न करता घेतल्या पाहिजेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यास अपंग पाल्यासाठी शैक्षणिक भत्ता दुप्पट मिळतो. २०१४ च्या आदेशाप्रमाणे अशा पाल्याचा सांभाळ करणाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते आणि स्वमग्नतेचा समावेश त्यात आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदल्यांतील ‘विशेष संवर्ग भाग एक’ तोंडपाठ असतो, त्यातही अपंग मुलांचे पालक आहेत. मात्र याच नाण्याची दुसरी बाजू कोणी पाहत नाही. शिक्षकाच्या स्वतःच्या मुलासाठी त्याची बदली थांबते. पण ज्या स्वमग्न मुलाने तीन वर्षांच्या धडपडीने एका शिक्षकाचा चेहरा स्वीकारला, त्या मुलासाठी त्या शिक्षकाची बदली थांबविण्याची कोणतीच तरतूद नाही. ज्या शाळेत असे मूल नोंदलेले आहे, तेथील वर्गशिक्षकास त्याची इच्छा असल्यास प्राथमिक टप्पा पुरा होईतो ठेवावे, एवढा नियम करण्यास एक छदामही खर्च येणार नाही.

केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्यास मात्र ना भत्ता, ना रजा, ना बदली. त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. पण अर्ज, नूतनीकरण आणि बिलांची पाठवणी हे सारे त्याच्या आवाक्याबाहेरचे. ग्रामपंचायतीतील, नगरपरिषदेतील वा शाळेतील एखाद्या लिपिकाने वर्षातून चार दिवस या कामास दिले, तर बरीच कुटुंबे पदरात काही पाडून घेतील. येथे लिपिकाची लेखणी वैद्याच्या औषधाइतकीच उपयोगी पडते, हे अतिशयोक्त वाटले तरी खरे आहे.

या सगळ्यात मुख्य दोष कोठे आहे? मूल एक आणि खाती चार. अंगणवाडी महिला व बालविकासाकडे, निदान आरोग्य खात्याकडे, विशेष शाळा २०२२ साली स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि साधी शाळा शिक्षण खात्याकडे. अंगणवाडीतील नोंद शाळेस मिळत नाही, जिल्हा रुग्णालयातील अहवाल विशेष शिक्षकापर्यंत पोहोचत नाही, आणि प्रत्येक दारात आईने तीच कहाणी पहिल्यापासून सांगावयाची. महाराष्ट्राने स्वतंत्र विभाग स्थापला हे भूषणावह आहे. परंतु विशेष शाळेतील मूल हे शिक्षण खात्याचे मूल नव्हे, ही जुनी विभागणी त्याने मोडलेली नाही. तालुक्यास एक अधिकारी नेमून या चारही खात्यांच्या नोंदी त्याच्या एका वहीत आणल्या, तर भुसावळ तालुक्यात अशी मुले किती आणि ती कोठे आहेत, एवढे तरी कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. त्या हिशेबाने पाहिले तर पटावर दिसणारी मुले थोडीच म्हणावी लागतील.

अठरा वर्षे पुरी होताच कायद्यातील शिक्षणाचा हक्क संपतो. माणूस संपत नाही. आठवीपर्यंत वर्गोन्नतीच्या आधारे पुढे सरकलेला मुलगा नववीत गळतो आणि नंतरची सारी वर्षे ओसरीवर बसून काढतो. ज्यास वस्तू रांगेने लावण्याची ओढ आहे, त्याच क्रमात तेच काम चुकीशिवाय शंभरदा करण्याची हातोटी आहे, त्याच्याजोगी कामे या परिसरात नाहीत असे नव्हे. केळीचे फणे धुऊन खोक्यांत भरण्याची पॅकिंग केंद्रे आहेत, रोपवाटिका आहेत, ग्रंथालये आहेत. चौदाव्या वर्षापासून शाळेने आठवड्यातून एक दिवस अशा ठिकाणी नेले, तर अठराव्या वर्षी ती जागा त्याला परकी राहणार नाही. पालकांच्या पश्चात त्याचा कायदेशीर पालक कोण, हे ठरविण्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज आई-बाप हयात असताना आणि हिंडते-फिरते असतानाच करावा लागतो. भावकीत वाटण्या सुरू झाल्यावर तो करावयास कोणी उरत नाही. जळगावच्या समितीने वर्षातून एकदा भुसावळला आणि एकदा चोपड्याला बैठक घेतली, तर वरणगावच्या म्हाताऱ्या बापाचा जिल्ह्याच्या ठिकाणचा एक हेलपाटा वाचेल.